दोष बेरजेत दिसतो

मोटारसायकल घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाने मेकॅनिकच्या तोंडून एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं : “दादा, या मॉडेलला हे होतंच.” पुढच्या शॉकअपमधून तेल गळत असो, क्लच प्लेट लवकर जळत असो की पाऊस लागला की गाडी मिसिंग मारत असो, तक्रार बदलते, वाक्य तेच राहतं. ऐकणाऱ्याला त्यातून थोडा दिलासाही मिळतो. आपलं चालवणं वाईट नाही, आपल्याच वाट्याला खराब गाडी आलेली नाही, सगळ्यांचंच असं आहे. पैसे दिले जातात, जुना पार्ट कोपऱ्यातल्या डब्यात पडतो आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते.

पण हे वाक्य बोलण्याआधी मेकॅनिकने काय केलेलं असतं, ते पाहिलं पाहिजे. त्या मॉडेलच्या कितीतरी गाड्या त्याने उघडलेल्या असतात. तोच पार्ट, त्याच जागी, साधारण तेवढ्याच किलोमीटरनंतर गेलेला त्याने पुन्हा पुन्हा पाहिलेला असतो. ‘होतंच’ म्हणताना तो एक बेरीज सांगत असतो. ती कुठे लिहिलेली नसते, तिच्यावर सही-शिक्का नसतो, पण ती खरी असते. गाडीतला सुरक्षेचा दोष म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. एका गाडीत आपल्याला दिसतो तो बिघाड. दोष दिसायला अनेक गाड्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. बिघाड मालकाच्या अनुभवाला येतो, दोष फक्त बेरजेत सापडतो.

हे विधान नीट तपासून पाहू. यंत्र म्हटलं की झीज आली. केबल तुटतात, बेअरिंग वाजायला लागतात, रबराला चिरा पडतात. तुटलेली एक क्लच केबल हातात धरून कोणीही खात्रीने सांगू शकत नाही की ती का तुटली. ती जुनी झाली असेल, जास्त ताणून बसवली असेल, डुप्लिकेट असेल, मालक सिग्नलला क्लच दाबूनच उभा राहत असेल. एका केबलला अशी दहा कारणं लागू पडतात. पण तशाच हजार केबल, टोकापासून तेवढ्याच अंतरावर, पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये तुटल्या, तर एकेक कारण आपोआप गळून पडतं. हजारच्या हजार मालक आडदांड नसतात, हजार मेकॅनिक अडाणी नसतात. शेवटी उरतं ते त्या हजार गाड्यांमध्ये समान असलेलं कारण, आणि ते गाडी बनवली गेली तिथलं असतं.

मालकाची अडचण अशी की त्याच्याकडे गाडी एकच असते. त्यामुळे तो हाताशी असेल ते कारण धरतो, आणि कारणांची आपल्याकडे वाण नाही. खड्डे आहेत, पेट्रोलची भेसळ आहे, धाकट्या भावाने गाडी नेली होती, मागच्या सर्व्हिसिंगला पोऱ्याने हात लावला होता. काहीच सापडलं नाही तर नशीब आहेच. अपघात थोडक्यात टळला तर ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणून देवाला नारळ फोडला जातो. यात मालकाचा मूर्खपणा नाही. एकाच घटनेवरून यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढायला त्याच्याकडे आधारच नसतो.

याचं एक चांगलं उदाहरण जुलै २०२४मधलं आहे. सुझुकीने भारतात अॅक्सेस १२५, अॅव्हेनिस १२५ आणि बर्गमन या स्कूटरपैकी ३,८८,४११ गाड्या परत बोलावल्या. ३० एप्रिल ते ३ डिसेंबर २०२२ या काळात बनलेल्या या गाड्यांमध्ये इग्निशन कॉइलची हाय टेन्शन वायर ठरलेल्या मापदंडानुसार नव्हती. इंजिनाच्या थरथरीने ती सारखी वाकायची, तिला चिरा पडायच्या आणि ती तुटू शकायची. मग गाडी चालता चालता बंद पडणार किंवा सुरूच होणार नाही. चिरलेल्या वायरवर पाणी पडलं तर तिच्यातून निसटलेल्या विजेने वेगाचा आणि थ्रॉटलचा सेन्सरही जाण्याची शक्यता होती. आता अशी एखादी स्कूटर ठाण्यात किंवा चिपळूणला जुलैच्या पावसात बंद पडली, तर मालक काय म्हणेल? “पाणी गेलं.” मेकॅनिक प्लग काढेल, पुसेल, कॅप फुंकून परत बसवेल, आणि गाडी सुरूही होईल. पाऊस हे कारण मालकाला पटलेलं, मेकॅनिकला पटलेलं, शेजाऱ्यालाही पटलेलं. त्या सात महिन्यांत बनलेल्या स्कूटरच का बंद पडतात, हा प्रश्न त्या तिघांपैकी कोणालाच पडणार नाही, कारण गाडी कोणत्या महिन्यात बनली याची यादी त्यांच्यापैकी कोणाकडे नाही.

दोष लपण्याची आणखी एक रीत आहे. सदोष म्हणून जाहीर झालेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा अगदी ठणठणीत असतात. मे २०२१मध्ये रॉयल एनफील्डने क्लासिक, बुलेट आणि मिटिऑर ३५० या मॉडेलच्या २,३६,९६६ गाड्या भारतासह सात देशांतून तपासणीसाठी बोलावल्या. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातल्या काही इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्यामुळे इंजिन मिसिंग मारू शकत होतं आणि क्वचित शॉर्ट सर्किटही होऊ शकत होतं. पार्ट प्रत्यक्षात बदलावा लागेल अशा गाड्या मात्र दहा टक्क्यांहून कमी असतील, असा कंपनीचाच अंदाज होता. म्हणजे दहापैकी नऊ मालक शपथेवर सांगणार की आमची गाडी उत्तम आहे, आणि ते खरंच बोलत असणार. कट्ट्यावर दहा बुलेटवाले जमले तर ज्या एकाची गाडी झटके खाते त्याला उरलेले नऊ जण गाडी कशी ठेवावी यावर व्याख्यान देतील. स्वतःचा खरा अनुभव सांगूनच ते त्याला खोटं पाडतील.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे गाडी ठेवण्याची पद्धत काय आहे? इंजिन ऑइल काळंकुट्ट होईपर्यंत बदलायचं नाही, चेन कोरडी, टायर गुळगुळीत, वॉरंटी संपली की सर्व्हिसिंग बंद. अशा गाडीचा ब्रेक लागला नाही तर बोट कंपनीकडे कसं दाखवायचं? आक्षेप सोडून पुढे जाणं बरं नव्हे. उलट ज्यात मालकाची कुचराई उघड आहे असंच उदाहरण घेऊ आणि दोषाची कल्पना तिथे टिकते का ते पाहू.

आधी डिस्क ब्रेक कसा चालतो ते थोडक्यात. उजव्या हाताचा लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन आत सरकतो आणि ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब नळीतून खाली कॅलिपरपर्यंत जातो, पॅड डिस्कला पकडतात. सगळी भिस्त एका गोष्टीवर : द्रव दाबला जात नाही, तो दाब जसाच्या तसा पुढे देतो. त्यात वायू शिरला की गणित बिघडतं. पाण्याने भरलेल्या इंजेक्शनच्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबून पाहा, तो हलणार नाही; आत हवेचा बुडबुडा असेल तर दट्ट्या आत जाईल आणि अंगठ्याला जोर जाणवणार नाही. ब्रेकचंही तसंच होतं. लिव्हर हँडलला टेकतो आणि चाक फिरतच राहतं.

डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनलेलं असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच अट १५५ अंशांवर येते. शिवाय ओलं ऑइल धातूला गंज चढवतं. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदला, असं गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. जुन्या ड्रम ब्रेकला ही भानगड नव्हती. ब्रेक उतरला की पायाला कळायचं, मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे फिरवला की काम भागायचं. ऑइलचा ब्रेक मात्र आतून बिघडत असताना बाहेरून शहाण्यासारखा वागतो.

आता उदाहरण. ऑक्टोबर २०१३मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर मालिकेतल्या मोटारसायकली परत बोलावल्या. ६०० आणि ७५० सीसीच्या २००४ ते २०१३ आणि १००० सीसीच्या २००५ ते २०१३ या वर्षांतल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे २ लाख १० हजार. कारण दिलं गेलं ते असं : ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं न बदलल्यास त्यात पाणी मुरतं. मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनवरची पृष्ठप्रक्रिया काही गाड्यांत एकसारखी झालेली नाही. त्यामुळे पिस्टन गंजतो. गंजताना वायू तयार होतो. तो वर निघून जायला हवा, पण टाकीकडे जाणारं छिद्र सिलिंडरच्या बाजूला असल्याने तो पुरता बाहेर पडत नाही, आतच साचतो.

या साखळीतल्या तीन कड्या वेगळ्या करून पाहाव्यात. जुनं ऑइल ही मालकाची कुचराई. पिस्टनवरची असमान प्रक्रिया ही कारखान्यातली चूक. बाजूचं छिद्र हा आरेखनाच्या टेबलावर घेतलेला निर्णय. बुडबुडा वरच जाणार, मग छिद्र वर असतं तर तो आपोआप टाकीत गेला असता. ब्रेक जायला या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. ज्याने ऑइल वेळेवर बदललं त्याचा पिस्टन वाचला. आणि ज्याने अजिबात बदललं नाही, पण ज्याची गाडी दुसऱ्या रचनेची होती, त्याचा लिव्हर फार तर मऊ झाला.

यातला एक खटला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात चालला. ऑगस्ट २०१३मध्ये जीएसएक्स-आर १००० चालवणाऱ्या एका माणसाचा पुढचा ब्रेक अचानक गेला आणि तो गंभीर जखमी झाला. कंपनीने गाड्या परत बोलावल्याची सूचना त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी निघाली. त्याने कोर्टात कबूल केलं की दर दोन वर्षांनी बदलायचं ऑइल त्याने आठ वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं. ज्युरीने त्याला आणि त्याच्या पत्नीला मिळून सव्वा कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि मग जबाबदारीची वाटणी केली : ४९ टक्के त्या माणसाची, ५१ टक्के जपानची मूळ कंपनी आणि तिची अमेरिकी शाखा यांची मिळून. भरपाई त्या प्रमाणात कमी झाली. सदोष मालाच्या दाव्यात ग्राहकाची चूक अशी वजा करता येणार नाही, हा त्याचा युक्तिवाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये फेटाळला.

पहिल्या नजरेला ही वाटणी मधला मार्ग वाटते, जवळजवळ निम्मी-निम्मी. पण ती या एका माणसापुरती आहे. त्याच्या जागी दोन लाख मालक ठेवले की चित्र पालटतं. त्यांच्यापैकी कोण ऑइल बदलेल आणि कोण बदलणार नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण पुष्कळ जण बदलणार नाहीत, हे मात्र कोणीही सांगू शकतं. गाडी बनवणाऱ्याला तर ते सर्वांत आधी ठाऊक असतं, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये किती ऑइल खपतं हे त्याच्याच हिशेबात दिसतं. एका माणसाची कुचराई ही त्याची वैयक्तिक चूक. पण लाखोंच्या कुचराईचा अंदाज बांधता येतो, आणि ज्याचा अंदाज बांधता येतो ते खड्डे, पाऊस आणि धूळ यांच्यासारखंच गाडीच्या वापराचा भाग होऊन बसतं. पावसात चालणार नाही अशी गाडी बनवून ‘पावसात काढू नका’ असं पुस्तिकेत छापलं तर आपण ते मान्य करणार नाही. ऑइल बदलायला विसरणं हाही एक असाच पाऊस आहे. फरक इतकाच की तो माणसांच्या स्वभावातून पडतो. कुचराई करणाऱ्याने तिची किंमत मोजावी हे बरोबर. ती किंमत किती असावी, ब्रेक थोडा मऊ होणं की ऐन वळणावर नाहीसाच होणं, हे मात्र रचना ठरवते. म्हणून मालकाची चूक सिद्ध झाली तरी दोषाचा प्रश्न मिटत नाही.

हाच वाद पुढे हार्ले-डेव्हिडसनच्या बाबतीत उभा राहिला. जुलै २०१६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००८ ते २०११ सालच्या एबीएस असलेल्या हार्लेंची चौकशी सुरू केली. हाताचा लिव्हर किंवा पायाचं पेडल कसलाही विरोध न करता थेट आत गेलं आणि त्याआधी काहीच सूचना मिळाली नाही, असं मालक सांगत होते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, असं याही गाड्यांच्या पुस्तिकेत होतं. तरीही फेब्रुवारी २०१८मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे पावणेदोन लाख गाड्या परत बोलावल्या, कारण जुन्या ऑइलमुळे एबीएसच्या आतल्या भागावर थर बसून ब्रेकच नाहीसा होऊ शकत होता.

या चौकशीतले आकडे महत्त्वाचे आहेत. सुरुवातीला प्रशासनापुढे तक्रारी होत्या ४३, आणि चौकशीच्या कक्षेतल्या गाड्या होत्या सुमारे ४ लाख ३० हजार. दहा हजार गाड्यांमागे एक तक्रार. या प्रमाणाने त्या मॉडेलच्या हजारभर गाड्या हाताखालून गेलेल्या मेकॅनिकलाही अशी एखादी घटना भेटेलच असं नाही. म्हणजे ज्या बेरजेपासून आपण सुरुवात केली तीही इथे अपुरी पडते. गॅरेजमधल्या बेरजेत वारंवार होणारे आणि बहुधा निरुपद्रवी बिघाड सापडतात : गळणारं सील, जळणारी क्लच प्लेट, वाजणारी चेन. क्वचित होणारा पण जीवघेणा दोष तिच्यातून निसटतो. तो धरायला गाव, शहर, राज्य ओलांडून जाणारी बेरीज लागते. आणि अशी बेरीज आपोआप होत नसते, ती कोणीतरी करावी लागते.

कोणी करायची? सर्वांत सोपं आहे ते कंपनीला. कोणत्या गावात कोणता पार्ट किती खपला, वॉरंटीत काय बदलून दिलं, कोणत्या महिन्यातल्या गाड्या परत आल्या, हे सगळं तिच्या वह्यांत आधीच जमा असतं. अमेरिकेने २०००मध्ये फोर्डच्या गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर फाटून अनेकांचे जीव गेल्यावर जो कायदा केला, त्याचा रोख नेमका इथे होता. मृत्यू आणि इजांचे दावे, वॉरंटीचे दावे, परदेशात केलेली परतबोलावणी, ही माहिती उत्पादकांनी सरकारला ठरावीक मुदतीत द्यायची. थोडक्यात, घरात केलेली बेरीज चव्हाट्यावर मांडायची.

भारतात २०१२पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता होती. कायद्याची सक्ती आली ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने, कलम ११०-अ घालून. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले. पर्यावरणाला, वाहनातल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका पोचवणारा दोष असेल तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. मग उत्पादकाने गाडी दुरुस्त करायची, बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, वर दहा लाख ते एक कोटी रुपये दंड. स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर दंड माफ. याच कलमात एक फार शहाणी तरतूद आहे : दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग ज्या ज्या गाड्यांत बसवला आहे त्या सगळ्या, मॉडेल कोणतंही असो, परत बोलावता येतात. एकाच पुरवठादाराची कॉइल चार मॉडेलमध्ये गेलेली असू शकते. गाडीवरच्या नावानुसार मोजलं तर बेरीज चार तुकड्यांत विखुरते, भागानुसार मोजलं तर ती एकत्र येते.

कायद्यात दोन जागा मात्र आपल्या मुद्द्याच्या कसोटीवर अडखळतात. पहिली टक्केवारीची. मालकांच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात आल्या की चक्र फिरतं, आणि ते प्रमाण मॉडेलच्या वार्षिक विक्रीवर ठरतं. वारंवार होणाऱ्या बिघाडांसाठी ही पद्धत ठीक आहे. पण दहा हजारांत एकदा येणारा दोष टक्केवारीची कोणतीही पायरी चढू शकत नाही. चाचणी संस्थेकडून किंवा इतर मार्गाने आलेल्या माहितीवरही कारवाई करण्याची सोय कायद्यात आहे. जीवघेण्या दोषांची सगळी आशा त्याच वाटेवर आहे.

दुसरी जागा वयाची. सक्तीची परतबोलावणी सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहे. जॉर्जियातल्या त्या माणसाने गाडी आठ वर्षं वापरली होती. हार्लेच्या गाड्या परत बोलावल्या तेव्हा त्या सात ते दहा वर्षांच्या होत्या. तुटणारी वायर वर्षभरात बोलते. गंज, थर, धातूचा थकवा हे सावकाश चालणारे दोष वयानेच उघडे पडतात. आपल्याकडे तर दुचाकीची नोंदणीच पंधरा वर्षांची असते, आणि एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झाल्याने ऑइलचे ब्रेक कितीतरी घरांत पहिल्यांदाच आले. त्यातल्या पहिल्या गाड्या आता या वयाला पोचत आहेत.

बेरजेत आकडाच पडला नाही तर कोणताही कायदा काय करणार? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेले आहेत. वेग हे कारण खोटं नाही. पण ते सर्वांत सहज हाती लागणारं कारण आहे. मेलेला माणूस लिव्हर आत गेल्याचं सांगायला येत नाही, वाचलेल्याचं कोणाला खरं वाटत नाही. मास्टर सिलिंडरमधल्या बुडबुड्याचा तर पुरावाही टिकत नाही; गॅरेजमध्ये ऑइल बदलून हवा काढली की तोही गेला. याउलट मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला एका ओला विजेच्या स्कूटरने पेट घेतला, त्याची चित्रफीत देशभर फिरली. घटना बहुधा सुटी असावी, असा प्राथमिक अंदाज देतानाच कंपनीने खबरदारी म्हणून त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासायला बोलावल्या, आणि पुढे बॅटरीसाठीचे सुरक्षा निकष देशभर कडक झाले. आग सगळ्यांना दिसते म्हणून ती मोजली जाते. न लागलेला ब्रेक कोणाला दिसत नाही.

मालकाच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे अनुभव मोजता येईल अशा रूपात नोंदवणं. जॉबकार्डवर ‘ब्रेक चेक करणे’ असं लिहून घेतलं तर त्यातून काहीच कळत नाही. ‘घाट उतरताना पुढचा लिव्हर दोन वेळा हँडलपर्यंत आला, आधी काही जाणवलं नव्हतं, १४ हजार किलोमीटर’ असं लिहून घेतलं तर तो आकडा होतो. निदान मेकॅनिकवर सोडावं; आपण पाहिलं ते तसंच सांगावं. बदललेला पार्ट मागून घ्यावा, चासी नंबरसह तक्रार कंपनीला आणि वाहन पोर्टलवर द्यावी, आपला चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून गाडी यादीत आहे का ते अधूनमधून पाहावं. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. ते करायला दोष सिद्ध होण्याची वाट पाहावी लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. गाडी तर दुरुस्त झाली, आता तक्रारीचा मला काय उपयोग? उपयोग खरोखरच फारसा नाही. तक्रार लिहिणाऱ्याच्या गाडीला ती उशिराच पोचते. तिचा उपयोग त्याच महिन्यात बनलेली गाडी आज संध्याकाळी जो चालवणार आहे त्याला. तोही आपला बिघाड पाऊस, पेट्रोल नाहीतर नशीब यांच्या नावावर लिहिणार असतो.

तो पुष्कळदा पहिला मालक नसतो. गाडी शहरात विकली जाते, तालुक्याला जाते, पुढे वाडीवर. हस्तांतरणाच्या टीटी फॉर्मवर सही होते, पण नव्या मालकाचं नाव अनेकदा चढतच नाही, आणि कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं. म्हणून बेरीज पुरी व्हायची असेल तर ती नव्या गाड्यांवर आणि वॉरंटीच्या मुदतीवर थांबून चालणार नाही. गाव-पाड्यातल्या गॅरेजमधली तिसऱ्या मालकाची गाडीही तीत धरावी लागेल, कारण पिस्टनला गंज चढायला जितकी वर्षं लागतात तितकी वर्षं गाडी पहिल्या मालकाकडे राहतेच असं नाही.